उपासाची गोळी

आमच्या बाबांना जगात दोनच गोष्टींची भीती वाटते. एक इंजेक्शनची, आणि दुसरी कुणाला तोंडावर 'नाही' म्हणायची. बाकी माणूस वाघ आहे. कनेरगाव नाक्यावर उभं राहून कुणालाही विचारा, "रामकिशन ट्रंपेटवाले कुठं राहतात?" वाशीमकडं निघालेला ट्रकवालासुद्धा गाडी थांबवून आमचं घर दाखवील. थोडं वाढवून सांगतेय, पण थोडंच. लग्नाआधी नवरदेव मिरवत मारुतीच्या दर्शनाला निघतो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. त्या परण्यात बाबा गाल फुगवून वरचा सूर लावतात तेव्हा नवरदेवाचा घोडापण कान टवकारतो. हे मात्र मी स्वतः पाहिलंय.

मी राजनंदिनी, नववी अ. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीला इतकं हळू 'येस सर' म्हणायचे की सर मला बिनधास्त गैरहजर लावायचे. यंदा शाळा सुरू झाली आणि सरांनी काय मनात आणलं कोण जाणे, परिपाठाचा माईक माझ्या हातात दिला. पहिल्या दिवशी सुविचार अर्धाच वाचून पळाले. दुसऱ्या दिवशी पूर्ण वाचला. आता माईक परत घ्यायला सरांना माझ्या मागं लागावं लागतं. आई म्हणते, "ह्या पोरीच्या तोंडाला कुलूप होतं तेच बरं होतं वं माय."

तर बाबांचं पोट. मागच्या उन्हाळ्यात हट्टा गावातल्या एका लग्नात बँडवाल्यांची पंगत नेहमीसारखी सगळ्यात शेवटी बसली. बाबांनी भुकेपोटी बुंदी, पुरी, वांग्याची तर्रीदार भाजी असं सगळं दणकून हाणलं, आणि घरी येईस्तोवर उजव्या बरगडीखाली अशी कळ निघाली की ती पार मागं खांद्यापर्यंत गेली. बाबा टेम्पोत आडवे. ढोलवाले महेबूबचाचा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले. हिंगोलीला सोनोग्राफी झाली आणि कळलं, पोटात खडे.

मग काय, अख्खं गाव डॉक्टर झालं. शेजारच्या भिकाबाई हुलग्याचं पाणी घेऊन आल्या. कुणी पानफुटीची पानं आणली. आमचा चुलतभाऊ मुन्ना, जो बँडमध्ये खुळखुळा वाजवतो आणि घरी अक्कल वाजवतो, म्हणाला, "काका, रोज एक बियर प्या. खडा धुऊन जाते."

आई म्हणाली, "तुला धुते आधी."

हिंगोलीच्या डॉक्टर मॅडमना हे सगळं सांगितलं तर त्या खूप हसल्या. म्हणाल्या, "अहो, ते उपाय लोक मुतखड्यावर करतात. हे खडे पित्ताच्या पिशवीतले. लघवीच्या वाटेशी यांचा काही संबंध नाही. तुम्ही हंडाभर पाणी प्यालात तरी ते तिथंच बसून राहतील."

मॅडमच्या मते सरळ रस्ता ऑपरेशनचाच होता. दुर्बिणीतून पिशवी काढायची, दोन-तीन दिवसांत घरी. पण 'ऑपरेशन' शब्द ऐकला आणि बाबांचा चेहरा असा उतरला की जणू कुणी ट्रंपेटमध्ये बोळा कोंबला. कारण होतं नरसिंगमामा. आईचा हा भाऊ आमच्याच बँडमध्ये मोठा बाजा वाजवायचा. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, आणि त्यानं पुन्हा बाज्याला तोंड लावलं नाही. बाबांनी तेव्हापासून मनात पक्कं करून टाकलंय: पोटाला चाकू लागला की माणसाची फुंक जाते. मॅडमनी किती समजावलं, की फुंक पित्ताच्या पिशवीत नसते, दोन-तीन महिन्यांत पहिल्यासारखं वाजवाल. पण बाबा नुसते मान हलवत होते, कारण 'नाही' म्हणता येत नाही ना.

"दुसरं काहीच न्हाई का?" मी विचारलं. तेव्हा मी माईकवाली झाले नव्हते, पण बाबांचा तो चेहरा बघवत नव्हता.

मॅडमनी रिपोर्ट पुन्हा पाहिला. "खडे तीन आहेत, पण बारीक. तुरीच्या डाळीएवढे. पिशवी काम करतेय. अशा खड्यांना विरघळवणारी गोळी असते. पण ती हळू काम करते. सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षं. आणि सगळ्यांनाच लागू पडते असं नाही. सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत, न चुकता. घेतील का?"

"मी देईन," मी म्हणाले. "माझ्या हातानं देईन."

आणि मी दिली! शाळेत जायच्या आधी एक, संध्याकाळी एक. बाबा तळहात पुढं करायचे, मी गोळी ठेवायचे. कधी म्हणायचे, "ठेव, भाकर झाल्यावर घेतो." कधी शर्टाच्या खिशात टाकायचे. मला वाटायचं, माझ्यासारखी नर्स अख्ख्या जिल्ह्यात नसेल.

दिवाळीच्या आधी दोन गोष्टी झाल्या. माझ्या मोठ्या बहिणीचं, सृष्टीताईचं लग्न ठरलं, वैशाखातलं. मुलगा नरसी नामदेवचा, चांगला हसतमुख. बाबांनी सुपारी फुटली तेव्हाच सगळ्यांसमोर जाहीर केलं, "माझ्या लेकीच्या लग्नात दुसऱ्याचा बँड येणार न्हाई. ट्रंपेट मी वाजवणार." आणि दुसरी गोष्ट म्हणजे बाबांची पुन्हा सोनोग्राफी झाली.

तीन खडे. तेवढेच. जिथल्या तिथं, आरामात.

"गोळ्या चुकल्या का?" मॅडमनी विचारलं.

"एकपण न्हाई मॅडम," मी छाती काढून सांगितलं. बाबा भिंतीवरच्या लिव्हरच्या चित्राकडं बघत होते.

"मग औषध लागू पडत नाही असं दिसतंय. आता ऑपरेशन करून घ्या. लग्नापर्यंत ठणठणीत व्हाल."

येताना एसटीत बाबा रिपोर्टची घडी घालत, उघडत बसले. घरी आल्यावर त्यांनी महेबूबचाचांना बोलावणं धाडलं. चाचा आले, मागून मुन्ना आला. बाबांनी फळीवरून ट्रंपेटची काळी पेटी काढली, अंगणात येऊन मांडीवर घेतली, आणि तिच्यावरून फडकं फिरवत बसले.

"महेबूब, हे मुन्न्याला शिकव. आजपासून ट्रंपेट ह्याचं."

"काय बोलून राहिला रे तू?" चाचा दचकले.

"ऑपरेशन केलं तर फुंक गेली. न्हाई केलं तर ऐन परण्यात कळ येऊन पडीन. पोरीच्या लग्नात तमाशा न्हाई पायजे. मुन्न्या वाजवंल, मी अक्षता टाकीन."

मुन्ना, जो एरवी कुठंही तोंड घालतो, तो हात मागं लपवून उभा राहिला. ताई चुलीपाशी पाठमोरी होती. भाकरी थापायचा आवाज थांबलेला मला ऐकू आला.

"ऐसा कैसा," म्हणत चाचांनी बाबांच्या हातातून पेटी ओढली. "आण इकडं. तुझ्या डोक्यात कचरा झाला." ओढाताणीत पेटी उलटी झाली, झाकण उघडलं, ट्रंपेट चाचांनी वरच्यावर झेललं, आणि पेटीच्या लाल मखमलीखालून टपटप टपटप करत पांढऱ्या गोळ्या अंगणभर पसरल्या. एक तर घरंगळत थेट भिकाबाईंच्या कोंबडीपर्यंत गेली.

सगळे बघतच राहिले.

मुन्ना म्हणाला, "काका! खडे बाहेर आले!"

मी एक गोळी उचलली. माझीच होती. म्हणजे बाबांची, पण मी दिलेली.

"बाबा?"

बाबा असे बसले होते, जसं गृहपाठ न केलेलं पोरगं.

"त्या उपासाच्या हायेत," ते हळूच म्हणाले.

"उपासाच्या म्हंजे?"

"डॉक्टरीणबाई म्हनल्या ना, जेवणासोबत घ्या. उपासाला मी जेवतो कुठं? फराळ करतो. अन् गोळीत काय घालतात काय न्हाई, उपासाला चालतंय का न चालतंय... तू एवढ्या मायेनं द्यायचीस, तुला न्हाई कसं म्हनू? फेकली तर पाप. म्हनून पेटीत ठेवल्या."

आता ऐका. आमच्या बाबांचा सोमवार असतो, औंढ्याच्या नागनाथाचा. शनिवार मारुतीचा. महिन्याच्या दोन्ही एकादशा. एवढ्या गोळ्या तर गेल्याच. पण पेटीतला ढीग त्याच्याहून मोठा दिसत होता.

आईनं पदर खोचला. "अन् ह्या बाकीच्या? गुरुवारचा उपास काहून धरून राहिले तुमी? मी इचारलं तर म्हनले, असाच."

बाबा जमिनीकडं बघत म्हणाले, "नवस बोललोय. खडे इरघळू दे, गोळीला गुण येऊ दे, म्हनून गुरुवार धरला."

मग चाचांच्या पोटातून एक आवाज निघाला. आधी वाटलं ठसका लागला. मग बघते तर चाचा हसून राहिले, डोळ्यातून पाणी, हातातलं ट्रंपेट हलतंय. "या अल्ला! गोळीला गुण यावा म्हणून उपास धरला, अन् उपास धरला म्हणून गोळी सोडली!" मग ताई हसली, मुन्ना तर जमिनीवर लोळला. आईनं रागावून बघायचा खूप प्रयत्न केला, पण तिचंही तोंड सुटलं. शेवटी बाबाच म्हणाले, "हसा, हसा. देवच हसत असंल."

"आणि उपासाला तुम्ही खाता काय?" मी विचारलं. "तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी, वरून शेंगदाणे, बाजूला तळलेले पापड! ते काय हवा आहे का? आता आठवा, कळ जास्त करून कधी यायची? सोमवारी नाहीतर शनिवारी!"

बाबांनी चुलीकडं बघितलं, कढईकडं बघितलं, आणि मान खाली घातली.

चाचा डोळे पुसत त्यांच्याजवळ सरकले. "रामकिशन, माझी शुगरची गोळी हाय ना? रोज्यात सोडतो का मी? डॉक्टरला इचारलं, त्यांनी टायम बदलून दिला. एक पहाटे सहरीला, एक संध्याकाळी इफ्तारला. रोजा बी बराबर, गोळी बी बराबर. तू इचारलं का कोणाला?"

"देवाच्या गोष्टी डॉक्टरला काय इचारायच्या?"

"अन् डॉक्टरच्या गोष्टी पेटीला सांगायच्या व्हय?"

तरी बाबांच्या मनाची गाठ सुटेना. म्हणाले, थोड्याशाच तर राहिल्या, बाकीच्या तर घेतल्याच की, तरी गुण आला न्हाई. मग मला परिपाठात सुचतं तसं एकदम सुचलं.

"चाचा, ढोल घ्या. ताई, उठ, नाच."

"आता?" ताईचे हात पिठाचे.

"आत्ताच. चाचा, परण्याचा ठेका. पण दर तिसरा ठोका सोडायचा."

चाचांनी पालथ्या हंड्यावर ठेका धरला. धाड, धाड, अन् गप्प. धाड, धाड, अन् गप्प. ताईनं एक गिरकी घेतली, पाय उचलला, ठोका आला नाही, पाय तसाच हवेत. पुन्हा घेतला, पुन्हा अडकली. मुन्ना मदतीला नाचायला आला तर दोघं एकमेकांवर आदळले आणि पिठाचे हात त्याच्या गालावर. भिकाबाई भिंतीवरून ओरडल्या, "अवो, काय झालं वं? लग्न आजच हाय का?"

"बाबा," मी म्हणाले, "असा ढोल वाजला तर वरात नाचंल का?"

चाचांनी मुद्दाम पुन्हा एकदा वाजवलं, धाड, धाड, अन् गप्प. ठेका चुकलेला बाबांना सोसत नाही. चेहरा आंबट करून त्यांनी चाचांचा हात धरला. "बास कर बाबा. कळलं."

आणि त्यांनी ट्रंपेट मुन्नाच्या नाही, आपल्या मांडीवर घेतलं.

दुसऱ्याच दिवशी मी बाबांना घेऊन हिंगोलीला. बाबा दवाखान्याच्या दारातच कुजबुजले, "नंदे, तूच सांग माय. मला लाज वाटून राहिली." मी सांगितलं. सगळं. पेटी, मखमल, कोंबडी सुद्धा. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हसू आवरेपर्यंत पाणी प्याल्या.

मग गंभीर होऊन बाबांना म्हणाल्या, "काका, खिचडी म्हणजे जेवणच. गोळीला भाकरी काय अन् भगर काय, पोटात काहीतरी पाहिजे. आणि या आजारात फार वेळ उपाशी राहणं चांगलं नाही, पित्त पिशवीत साचून राहतं. उपास सोडा असं मी म्हणत नाही. पण दर थोड्या वेळानं फळ खा, दूध घ्या, तळलेलं बंद. सहा महिने बघू. पण ताप आला, डोळे पिवळे झाले, किंवा कळ थांबेना, तर त्याच दिवशी यायचं. मग गोळी नाही, चर्चा नाही."

"येतो," बाबा म्हणाले. मग त्यांनी मनातलं विचारून टाकलं, "मॅडम, एकादशीला बी चालंल ना?"

"काका, एकादशीला तर दुप्पट पुण्य लागेल. पण गोळी एकच घ्या हं."

त्यानंतरचे महिने म्हणजे काय सांगू! लग्नसराई सुरू झाली. बाबा कुठल्या गावात असले तरी संध्याकाळी माझा फोन चाचांना जायचा. मागं ढोल, पिपाण्या, नवरदेवाच्या मित्रांचा गोंधळ, आणि त्यात चाचा ओरडायचे, "रामकिशन, साहेबांचा फोन!" बँडची पंगत शेवटी बसते हा तर शिरस्ता, म्हणून चाचा आधीच यजमानाला गाठायचे. "आमच्या ट्रंपेटवाल्याचं पान आधी वाढा. दवाई हाय त्याची." बाबा लाजेनं चूर व्हायचे, एकटेच मांडवाच्या कोपऱ्यात बसून भाजी-भाकर खायचे, बुंदीकडं प्रेमानं बघायचे आणि गोळी घ्यायचे. सगळा बँड त्यांना 'व्हीआयपी' म्हणायला लागला.

रमजान आला तेव्हा एका सोमवारी बाबांचा उपास आणि चाचांचा रोजा एकाच दिवशी. संध्याकाळी आम्ही चाचांच्या ओट्यावर. अख्तरीचाचींनी एका ताटात खजूर, कलिंगडाच्या फोडी, आणि बाबांसाठी वेगळी, तेल नसलेली भगर ठेवली. अजान झाली. चाचांनी खजूर तोंडात टाकला, बाबांनी पण टाकला. थोडं खाल्लं. मग दोघांनी एकाच वेळी खिशातून आपापली गोळी काढली, चाचांनी शुगरची, बाबांनी खड्याची, आणि पेल्याला पेला लावला.

"चल रामकिशन, बिस्मिल्ला."

"जय नागनाथ."

गटकन. मी फोटो काढला. तो आता बँडच्या व्हिजिटिंग कार्डवर छापावा असं माझं मत आहे, पण कुणी ऐकत नाही.

चैत्रात तिसरी सोनोग्राफी. ह्या वेळी ताईपण सोबत आली. बाबा टेबलावर आडवे, पोटावर ते गार गार जेल, आणि मशीनवाले डॉक्टर म्हणाले, "श्वास आत घ्या. धरून ठेवा." बाबांनी धरला. डॉक्टर बघतायत, इकडून, तिकडून. बाबांनी धरलेलाच. डॉक्टर पडद्यावर वाकले, बटणं दाबली, मोजमाप केलं, विसरूनच गेले. मग एकदम दचकून म्हणाले, "अहो काका, सोडा! सोडा आता!"

बाबांनी सावकाश सोडला. "अजून होता," ते म्हणाले.

रिपोर्ट मॅडमनी वाचला तेव्हा मी ताईचा हात इतका दाबला की तिचा तळवा मेंदी लावायच्या आधीच लाल झाला. दोन खडे गेले होते. दिसतच नव्हते. तिसरा उरला होता, पण तोही मोहरीएवढा.

"गोळ्या चालू ठेवायच्या," मॅडम म्हणाल्या. "हा जाईल, गेल्यावर पुन्हा येऊही शकतो, म्हणून तपासत राहायचं. पण ऑपरेशन आत्ता काही नको. जा, लेकीच्या लग्नात वाजवा."

बाबांनी हात जोडले. मग मागं वळून डोळे पुसले; आम्ही दोघींनी पण तेच केलं.

आणि ताईचं लग्न नेमकं कुठल्या वारी निघालं? गुरुवारी!

आई म्हणाली, "आज तरी जेवा. पोरीचं लग्न हाय." बाबा म्हणाले, नवस पुरा व्हायला एक मोहरी बाकी हाय. नरसीहून पाहुणे आले. मुलीच्या बापानं दारात उभं राहून व्याह्यांना हार घालायचा, तर आमचे बाबा उभे होते बँडच्या लाल कोटात, सोनेरी झालर, डोक्यावर तुरा. हार घातला, गळाभेट घेतली, आणि बाजूच्या खुर्चीवर पेटी उघडली. मखमलीखालून एक गोळी काढली. आता तिथं एकच ठेवतात, त्या वेळची.

मी केळ आणि दूध घेऊन हजर.

व्याही बघतच राहिले. "आज उपास ना तुमचा? मग ही गोळी काय खाऊन राहिले, व्याही?"

बाबांनी केळ खाल्लं, दूध प्याले, गोळी घेतली, मिशी पुसली. आयुष्यभर कुणाला 'नाही' न म्हणू शकलेला माणूस व्याह्याच्या डोळ्यात बघून म्हणाला, "उपासाला चालते. इचारून घेतलंय."

मग त्यांनी ट्रंपेट उचललं. चाचांनी ढोलावर पहिला ठोका दिला, दुसरा दिला, तिसराही दिला, आणि माझ्याकडं बघून डोळा मारला. बाबांनी श्वास आत ओढला. मला माहीत होतं केवढा लांब जाणार ते. सूर वर चढला, मांडवाच्या वर, लिंबाच्या वर, नाक्यावरच्या ट्रकांच्या हॉर्नच्या वर. नवरदेवाचा घोडा कान टवकारून थेट दोन पावलं मागं सरकला, नवरदेवानं लगाम सोडून त्याची मान धरली, आणि ताई, जिनं खाली मान घालून बसायचं असं आई सकाळपासून सांगत होती, ती खिडकीत उभी राहून खदखदा हसत होती.

मी? मी माईक शोधत होते. कुणीतरी सांगायला नको का लोकांना, की हे कोण वाजवून राहिलंय!